भजनी मंडळाच्या ग्रुपवरचं लशीविरुद्धचं फॉरवर्ड: घरच्यांशी बोलायचं कसं?

कैरीचं_पन्हं

नमस्कार. प्रश्न घरगुती आहे, पण बऱ्याच घरांतला असणार म्हणून इथे मांडते.

माझी पुतणी बारा वर्षांची. तिच्या डॉक्टरांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून बचाव करणारी एचपीव्ही लस सुचवली. दीर तयार होते, दिवसही ठरला होता. आदल्या रात्री जाऊबाईंच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर एक लांबलचक मजकूर आला. या लशीने मुलींना पुढे मूल होत नाही, परदेशी धनदांडग्यांनी आपल्या धर्माची लोकसंख्या घटवायचा डाव रचलाय, आपले डॉक्टर त्यांना सामील आहेत, असं सगळं त्यात होतं. वर विठ्ठलाचा फोटो, खाली 'खरे धर्माभिमानी असाल तर दहा जणांना पाठवा'. लस रद्द झाली.

जाऊबाई बी.एस्सी. झालेल्या आहेत. घरात कुणाचं दुखलंखुपलं तर रात्रभर उशाशी बसणारी बाई. त्यांना कुणी भाबडं म्हटलेलं मला चालणार नाही. पण एरवी इतक्या शहाण्या माणसाला डॉक्टरांपेक्षा तो निनावी मजकूर खरा का वाटला, हे मला कळत नाही. श्रद्धेचा याच्याशी संबंध आहे का? आणि घरात वाद न पेटता हा विषय काढायचा कसा?

नास्तिक_नाना

संबंध आहे. पुरावा न मागता मान्य करायची सवय लहानपणापासून लावली की पुढे कुणीही येऊन काहीही सांगावं. २१ सप्टेंबर १९९५ आठवा, गणपती दूध प्यायला तो दिवस. शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून दाखवलं की पृष्ठताणामुळे दूध चमच्यातून ओढलं जातं आणि मूर्तीवरून ओघळून खाली येतं. तरीही दुपारपर्यंत रांगा हटत नव्हत्या. मुळावर घाव घातल्याशिवाय फांद्या छाटून उपयोग नाही.

माळकरी

नाना, मी गळ्यात माळ घालतो, एकादशी करतो, आणि माझ्या दोन्ही मुलींना ही लस दिली आहे. तुमच्या हिशोबात मी कुठे बसतो?

नास्तिक_नाना

तुम्ही अपवाद आहात.

माळकरी

२०२० च्या आषाढीला आळंदी-देहूच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. पिढ्यान्‌पिढ्या पायी जाणारी लाखो माणसं त्या वर्षी घरी बसली. साथीचं शास्त्र ऐकून बसली आणि डोळे पुसत बसली. एवढे सगळे अपवाद?

दवबिंदू

माळकरी, +१.

आमच्या आळीतल्या आजीने तेव्हा तुळशीभोवतीच प्रदक्षिणा घालून वारी पुरी केली होती, आणि सुनेला बजावलं होतं, "पांडुरंगाला सांग, मास्क लावलाय, ओळख पटली नाही तर हाक मार म्हणावं."

मोसम_काठ

मी मालेगावला शाळेत शिकवतो. कैरीताई, तुम्ही सांगितलेला मजकूर वाचून मी चमकलो, कारण तो आमच्याकडे आधीच येऊन गेलाय. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्यात गोवर-रुबेलाची मोहीम सुरू झाली तेव्हा आमच्या मोहल्ल्यातल्या ग्रुपवर हेच होतं. लशीने वंध्यत्व येतं, परदेशी डाव आहे, डॉक्टर विकले गेलेत. फक्त ज्यांची संख्या घटवायची ते मुसलमान होते, आणि विठ्ठलाच्या जागी मक्केचा फोटो होता. 'दहा जणांना पाठवा' ही ओळ तीच.

माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे पालक त्या दिवशी मुलांना शाळेतच पाठवायला तयार नव्हते. मी दोन्ही प्रकारचे मजकूर एका कागदावर शेजारी शेजारी छापून दाखवले असते तर बरं झालं असतं, असं आज वाटतं, पण तेव्हा दुसरा मजकूर माझ्याकडे कुठून असणार?

कोविडमध्ये तर जोडीच जमली. डिसेंबर २०२० मध्ये आमच्याकडे चर्चा होती, लशीत डुकराचं जिलेटिन आहे. जून २०२१ मध्ये माझे हिंदू सहकारी विचारू लागले, कोवॅक्सिनमध्ये वासराचं रक्त आहे का हो? आपल्याकडे दिल्या गेलेल्या त्या लशींत जिलेटिन नव्हतंच. आणि वासराचं सीरम वापरलं होतं ते पेशी वाढवण्यासाठी. त्या पेशी धुऊन घेतात, तयार लशीत ते उरत नाही, असं आरोग्य मंत्रालयाने तेव्हाच सांगितलं. ज्याला जे निषिद्ध, तेच त्याच्या लशीत सापडतं.

निवडुंग

मोसम_काठ, हा प्रतिसाद प्रत्येक ग्रुपवर पाठवायला हवा. दहा जणांना.

घाटमाथा

मी दुसरी बाजू मांडतो. सगळा संशय अडाणीपणातून येत नाही. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्या काळी सक्तीच्या नसबंदीचं विधेयक विधिमंडळात मंजूर करणारं पहिलं राज्य आपलं महाराष्ट्र. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून कायदा झाला नाही, इतकंच. ज्यांच्या आजोबांना उचलून नेलं होतं त्यांच्या घरात 'सरकारी सुई आणि वंध्यत्व' ही जोडी आपोआप जुळते. ती काल्पनिक नाही, अनुभवातून आलेली आहे.

खुद्द एचपीव्ही लशीचाही इतिहास आहे. २००९ मध्ये खम्मम आणि वडोदरा जिल्ह्यांत एका परदेशी संस्थेच्या प्रकल्पात हजारो मुलींना ही लस दिली गेली. त्यांत आदिवासी आश्रमशाळांतल्या मुली बऱ्याच होत्या. संमतीपत्रांवर सह्या कुणाच्या? अनेक ठिकाणी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या. पालकांना पत्ता नाही. सात मुलींचा मृत्यू झाला. चौकशीत त्यांचा लशीशी संबंध आढळला नाही, पण संमतीचा जो खेळखंडोबा झाला त्यावर संसदीय समितीने २०१३ मध्ये कडक ताशेरे ओढले. एप्रिल २०१० मध्ये सरकारने सगळं थांबवलं होतं. आता कैरीताईंच्या जाऊबाईंनी 'आदिवासी मुली मेल्या होत्या ना?' असं विचारलं तर 'अफवा आहे' म्हणून उडवून लावाल?

शोधयात्री

घाटमाथा, मुद्दा शंभर टक्के बरोबर, आणि उडवून लावू नयेच. पण गोष्ट तिथे संपत नाही, पुढचा भाग फार थोड्यांना माहीत आहे.

त्याच सुमारास दुसरा एक मोठा अभ्यास स्वतंत्रपणे चालू होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेबरोबर भारतातली नऊ केंद्रं त्यात होती, आपल्याकडची बार्शी आणि पुणेसुद्धा. सुमारे १८ हजार अविवाहित मुली. काहींना दोन मात्रा द्यायच्या, काहींना तीन, आणि कशाचा किती फायदा होतो ते पाहायचं, अशी आखणी. सरकारचा आदेश आला आणि लसीकरण मध्येच थांबलं. त्यामुळे हजारो मुलींना एकच मात्रा मिळाली. संशोधकांनी या मुलींना वाऱ्यावर सोडलं नाही, दहा वर्षं पाठपुरावा केला. २०२१ मध्ये निष्कर्ष आले: एचपीव्ही विषाणूच्या १६ आणि १८ या सर्वांत घातक प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून एका मात्रेनेही जवळपास तितकंच संरक्षण मिळतं. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ गटाने एक मात्राही पुरेशी ठरते असं सांगितलं, त्यामागे या मुलींचा मोठा वाटा आहे. म्हणजे ज्या गोंधळाचा संशयासाठी उपयोग केला जातो, त्याच काळातल्या बार्शीच्या, पुण्याच्या मुलींमुळे गरीब देशांतल्या मुलींना एका सुईत संरक्षण मिळणार आहे. हे जाऊबाईंना सांगा. मला स्वतःला हे वाचून फार अभिमान वाटला होता.

वंध्यत्वाबद्दल: या लशीत विषाणू नसतोच. विषाणूच्या बाहेरच्या कवचातलं एक प्रथिन प्रयोगशाळेत तयार करतात, त्याचे कण आपसूक पोकळ चेंडूसारखे जुळतात. आत जनुकीय सामग्री नाही. २०१७ पर्यंत जगात २७ कोटींहून अधिक मात्रा वाटल्या गेल्या होत्या, तेव्हा सुरक्षिततेचा आढावा घेतला गेला आणि वंध्यत्वाशी संबंध दिसला नाही. स्वीडनमधल्या २०२० च्या अभ्यासात १७ वर्षांच्या आधी लस घेतलेल्यांमध्ये या कर्करोगाचं प्रमाण ८८ टक्क्यांनी कमी दिसलं.

नास्तिक_नाना

माहिती उत्तम, शोधयात्री. पण मूळ प्रश्न श्रद्धेचा होता. दाभोलकर हेच शांतपणे सांगत फिरायचे, त्यांना २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात भर सकाळी गोळ्या घातल्या. ती जखम माझ्या पिढीची आहे. धर्माच्या नावाने बोलणाऱ्यांशी गोडीगुलाबीने बोला असं सांगणं मला जड जातं.

रातराणी

नाना, तुमचं दुःख कळतं. पण दाभोलकर स्वतः कधी देव मानणाऱ्या माणसाला हिणवत नसत. माझे वडील देवभोळे होते आणि त्यांच्या व्याख्यानाला पहिल्या रांगेत बसायचे. नारळीकरांबरोबर फलज्योतिषाची चाचणी घेतली तीही अशीच. ज्योतिषांना बोलावलं, हुशार आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका दिल्या, ओळखा म्हटलं. २७ जणांनी उत्तरं पाठवली, सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणेफेकीपेक्षा कमी. आधी नियम दोघांनी मिळून ठरवायचे, मग निकाल काय येतो ते बघायचं. यात अपमान कुणाचा नाही.

एडिसनकर

न्यू जर्सीतून. इकडचं थोडं सांगतो. २००६-०७ मध्ये ही लस आली तेव्हा धार्मिक मंडळींचा आक्षेप वंध्यत्वाचा नव्हता. मुली बिघडतील असा होता. टेक्सासच्या गव्हर्नरने लस सक्तीची करायचा हुकूम काढला, विधिमंडळाने तो हाणून पाडला. कॅनडात कॅल्गरीच्या कॅथलिक शाळामंडळाने २००८ मध्ये शाळेत लस द्यायला बंदी केली आणि २०१२ मध्ये उठवली. दरम्यान मुलींच्या वर्तनावर लशीचा काही परिणाम होत नाही हे अभ्यासांतून पुढे येत गेलं होतं.

आपल्याकडेही हा आक्षेप असतो, पण उघड बोलला जात नाही. कैरीताई, जाऊबाईंच्या मनात 'माझ्या मुलीला असल्या लशीची गरजच काय' असं तर नाही ना? वंध्यत्व हे पुढे करायचं सभ्य कारण असू शकतं.

कैरीचं_पन्हं

एडिसनकर, तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. काल फोनवर त्या म्हणाल्या, "आपल्या घरच्या मुलींना हे असले रोग होत नाहीत." मी गप्पच बसले.

बार्शीकरीण

मी परिचारिका आहे, गाव नावातच आलं. एवढे दिवस नुसती वाचत होते, पण या वाक्यावर बोलायलाच पाहिजे.

ताई, 'आपल्या घरच्या' बायकाच येतात आमच्याकडे. पन्नाशीची बाई, कपाळभर कुंकू, आयुष्यात नवऱ्याशिवाय कुणाचं तोंड बघितलेलं नाही. अंगावरून पांढरं जातंय, वास येतोय, संबंधानंतर रक्त जातं. सहा-आठ महिने लपवलेलं असतं. गावात देवरुषी झालेला असतो, कुणी देवीच्या ओटीतलं काही दिलेलं असतं, कुणी अंगात उष्णता झाली म्हणून सांगितलेलं असतं. तपासणीच्या टेबलावर चढताना पदर तोंडात धरतात. आणि पिशवीच्या तोंडाशी हात लागला की रक्ताची धार. तेव्हा गाठ आत पसरलेली असते. हा विषाणू नवरा-बायकोच्या संबंधातूनही येतो, नवऱ्याला तो आहे हे नवऱ्यालाही माहीत नसतं. यात चारित्र्याचा काही प्रश्न नाही. २०२० सालात भारतात सव्वा लाखाच्या आसपास बायकांना हा कॅन्सर झाला आणि ७७ हजार गेल्या.

आता श्रद्धेचं. आमच्या शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, आता धाराशिव, २००० सालापासून मोठं काम झालं. तीस ते एकोणसाठ वयाच्या १ लाख ३१ हजार बायका त्या अभ्यासात होत्या. एका गटाची एकदाच एचपीव्ही तपासणी केली, आणि आठ वर्षांत त्या गटातले या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. २००९ मध्ये ते जगभर छापून आलं. त्या बायका काय नास्तिक होत्या? तुळजापूरच्या बायका, पौर्णिमेला पायी जाणाऱ्या. घरोघर बाईमाणूस गेलं, चुलीपुढं बसून सांगितलं, त्या आल्या.

मोसम_काठ

ताई, सलाम. पोलिओचंही असंच झालं. पश्चिम उत्तर प्रदेशात मुसलमान वस्त्यांत दारं बंद व्हायची. नुसते दबाव आणून काही झालं नाही. मौलवी, मदरशांचे शिक्षक, अलीगढ विद्यापीठातले लोक सोबत आले, मशिदीतून घोषणा झाली, इमामांनी स्वतःच्या नातवंडांना सगळ्यांसमोर थेंब पाजले. १३ जानेवारी २०११ ला हावड्यात शेवटचा रुग्ण, २७ मार्च २०१४ ला देश पोलिओमुक्त. त्याच वर्षी, २०११ मध्ये, अमेरिकन गुप्तहेरांनी अबोटाबादमध्ये बिन लादेनचा माग काढायला हिपॅटायटिस-बीच्या लसीकरणाचं खोटं नाटक केलं. पुढे पाकिस्तानात लस पाजणाऱ्या बायकांचे खून पडले. कारस्थान खरं निघालं की त्याची किंमत कोण मोजतं ते बघा.

घाटमाथा

हेच म्हणत होतो.

शोधयात्री

नानांच्या पहिल्या मुद्द्याकडे येतो. श्रद्धा हेच मूळ असतं तर सर्वांत श्रद्धाळू देशांत ही लस सर्वांत कमी पोचली असती. भूतानने २०१० मध्ये, रवांडाने २०११ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, दोन्हीकडे ९० टक्क्यांवर मुलींना लस मिळाली. एक बौद्ध देश, एक ख्रिस्ती, दोन्ही भाविक. आपल्या सिक्कीमने २०१८ मध्ये ९ ते १३ वर्षांच्या मुलींना शाळांमधून लस दिली, तिथेही प्रमाण ९५ टक्क्यांच्या वर. आणि जपान? टीव्ही-वर्तमानपत्रांत दुष्परिणामांच्या बातम्या झळकल्या, २०१३ मध्ये सरकारने शिफारस मागे घेतली, लसीकरण ७० टक्क्यांवरून एका टक्क्याच्या खाली. पुन्हा शिफारस करायला २०२२ उजाडलं. त्यात धर्माचा काडीचा संबंध नव्हता.

माझं मत असं झालंय की माणूस आधी सांगणाऱ्याकडे बघतो. भजनी मंडळात पंधरा-वीस वर्षं शेजारी बसून टाळ वाजवणारी काकू आणि पाच मिनिटांत फाइल मिटवणारा डॉक्टर यांत विश्वास कुणावर बसणार? अफवा तयार करणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. तो काकूंच्या आयुष्यभराच्या चांगुलपणावर डल्ला मारतो. मला राग श्रद्धेचा येत नाही, या चोरीचा येतो.

नास्तिक_नाना

जपान-रवांड्याचा मुद्दा मान्य, विचार करण्यासारखा आहे. तरी माझं म्हणणं पूर्ण सोडत नाही. 'धर्म संकटात आहे' या तीन शब्दांना इतकी ताकद मिळते ती कुठून? त्या जागी 'क्रिकेट संकटात आहे' लिहिलं असतं तर मुलीची लस रद्द झाली नसती. भाविकांनीच आपल्या देवाचा फोटो असा वापरू देऊ नये. ते काम मी केलं तर भांडण होईल, माळकरींनी केलं तर ऐकतील.

माळकरी

नाना, हे मात्र डोक्यावर घेतलं. आमच्या फडात मी यावर बोलणार आहे. गाडगेबाबा हातात खराटा घेऊनच कीर्तनाला उभे राहायचे, रोगराई घाणीने होते आणि नवसाने जात नाही हे देवाचं नाव घेतच सांगायचे. आम्हाला ही वाट नवी नाही.

दवबिंदू

अवांतर: १८९६-९७ च्या प्लेगात हे सगळं होऊन गेलंय. ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला, इस्पितळात माणसं मारून त्यांचं तेल काढतात अशी अफवा होती. पुण्यात गोरे सोल्जर देवघरापर्यंत घुसले, त्याची परिणती रँडच्या वधात झाली. त्याच काळात हाफकिनने मुंबईत तयार केलेली प्लेगची लस जानेवारी १८९७ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली. आणि पुण्यात सावित्रीबाई रुग्णांना उचलून आणत होत्या, मार्चमध्ये त्याच प्लेगने गेल्या. लोकांनी सावित्रीबाईंच्या हाती मात्र आपली माणसं सोपवली.

कैरीचं_पन्हं

सगळ्यांचे आभार. काल जाऊबाईंकडे गेले होते. मी मोसम_काठ यांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. तीच ओळ, तोच डाव, फक्त फोटो वेगळा, हे ऐकून त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे कुणीतरी दोन्हीकडे तेच विकतंय." बार्शीकरीण ताईंचं वाचताना त्यांनी चहाचं भांडं खाली ठेवलं. लगेच हो म्हणाल्या नाहीत, पण येत्या गुरुवारी भजनानंतर मंडळात आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना बोलवायला त्याच तयार झाल्या. प्रश्न त्याच विचारणार आहेत.

ताई, मंडळातल्या बायका विचारतील असं काही राहून गेलंय का?

बार्शीकरीण

चार गोष्टी सांगा. नऊ ते चौदा हे वय सर्वांत चांगलं. उपाशीपोटी आणू नका, एकादशी-चतुर्थी असेल तर दुसरा दिवस धरा, या वयात मुलींना सुईने चक्कर येते. टोचल्यावर पंधरा-वीस मिनिटं बसवून ठेवा. दंड दुखेल, कणकण येईल, ते आधीच सांगा म्हणजे नंतर कुणी घाबरणार नाही. कुणाला ॲलर्जी असेल तर सिस्टरना आधी बोला.

आणि जाऊबाईंचं वय काय? तिशीच्या पुढच्या असतील तर मुलीबरोबर त्यांनी स्वतःची तपासणीही करून घ्यायची. लस मुलीला, तपासणी आईला. सरकारी केंद्रात व्हिनेगरसारखं पातळ ॲसिड लावून पिशवीचं तोंड बघतात, दहा मिनिटांचं काम आहे. दुखत नाही.

रातराणी

ताई, पाळी चालू असेल तर करतात का? मी दोनदा तेवढ्यासाठी टाळलंय.

बार्शीकरीण

पाळी संपल्यावर या. तिसऱ्यांदा टाळू नका.